आधी दिंद्रुड, मग मुख्य कार्यालय

अप्पांना कुणी घाई केली की ते खुर्चीत आणखी मागे रेलत. आमच्या दूध संघाचे संगणक ते सांभाळत. कपाळाला भस्म, दाढेखाली लवंग, आणि बोलणं असं की चेअरमनसुद्धा त्यांना एकटे गाठायला धजत नसत.

ते उदारीकरणाचे दिवस होते. विकत घेतलेलं तेच चांगलं, ही नवी श्रद्धा आमच्या जिल्ह्यातही पोचली होती. म्हणून मुख्य कार्यालयात संगणक चालवणारी प्रणाली, लिनक्स, कंपनीचं विकतचं होतं, आणि गावोगावच्या संकलन केंद्रांवर जगभरच्या हौशी लोकांनी मिळून बनवलेलं फुकटचं. वाण एकच, पण नवे बदल फुकटच्यात आधी येत, कंपनीच्यात सावकाश. एक पुढं गेलं आणि दुसरं मागं राहिलं, की केंद्राच्या नोंदी कार्यालयात उघडत नसत. दोन्ही बरोबरीनं चालवणं हे अप्पांचं काम.

नवी आवृत्ती आली की ते सीडी पिशवीत टाकून आधी दिंद्रुडच्या केंद्रावर जात. दिंद्रुड त्यांची सासुरवाडी. "बिघडलं तर शिव्या घरच्याच बसत्यात," म्हणत.

पुढं संगणक कक्षाच्या उद्घाटनाला मंत्री यायचे ठरले. कंपनीची नवी आवृत्ती त्याच मुहूर्तावर सुरू व्हावी, असं चेअरमनांच्या मनात. तिचं फुकटचं भावंड दिंद्रुडला आधीच बसलेलं होतं. तिथून सासूबाईंचा फोन आला, "जावईबापू, आमच्या म्हशीचं अर्धं फॅट तुमच्या डब्यानं पिलं का?"

नवी आवृत्ती दशांशानंतरचा आकडा गिळत होती. साडेचार फॅटचं दूध चारचं होत होतं, आणि भाव फॅटवर. ती सगळीकडे गेली असती, तर घरोघरच्या चांगल्या दुधाला हलका भाव लागला असता. अप्पांनी दिंद्रुडला जुनी आवृत्ती परत बसवली, दोन्हीकडच्या बनवणाऱ्यांना चूक कळवली आणि चेअरमनांना नकार दिला.

"अप्पा, कंपनीनं पाठवलंय. त्यांना कळत न्हाई का?"

"कळंल की. दिंद्रुडला आधी कळलंय."

"संघ काय दिंद्रुडवर चालतो का हो?"

"मग? दूध मंत्र्याकडून येतंय का?"

उद्घाटनाच्या सकाळी अप्पांनी कक्षाला कुलूप लावलं, किल्ली आतल्या खिशात घातली आणि पहिल्या रांगेत जाऊन बसले. मंत्र्यांनी बंद दारासमोरची फीत कापली. टाळ्या भरघोस पडल्या. आत काय आहे, हे विचारायची अशा कार्यक्रमांत पद्धत नसते.

आठवड्यात बदली आली: उमापूरचं संकलन केंद्र. मी त्यांच्या हाताखाली काम करायचो; केजच्या स्टँडवर त्यांना पोचवायला गेलो.

"शिक्षा हाय म्हणं," ते हसले. "दुधाच्या जवळ पाठवायलेत मला. लई कडक शिक्षा."

त्यांच्या जागी मला बसवलं. काही दिवसांनी दुरुस्त आवृत्ती आली. आधी फुकटच्यात, मग कंपनीच्यात. चेअरमन स्वतः कक्षात आले.

"आता चढवायची ना?"

"उमापूरला विचारतो," मी म्हणालो.

चेअरमनांनी माझ्याकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं, आणि फोन माझ्यापुढं सरकवला.