तणमोरासाठी कॅमेरा

पत्नीने तणमोर पाहिला तो श्रावणातल्या एका सकाळी, मिरजगावहून वस्तीशाळेकडे स्कूटरवर जाताना. ती त्या शाळेत शिक्षिका आहे. वाटेत डाव्या हाताला माळ लागतो. त्या वर्षी गवत गुडघ्याच्या वर आले होते. गवतातून एक काळा पक्षी सरळ वर उडाला, डोक्याएवढ्या उंचीवर त्याने पंख फडफडवले आणि होता त्याच जागी खाली उतरला. ती थांबली. पाचसात मिनिटांत तो आणखी चार वेळा तसाच उडाला. तिने मोबाईलवर फोटो काढला. फोटोत गवत आले, आभाळ आले आणि मधोमध एक ठिपका आला.

तणमोर हा माळढोकाच्या कुळातला पक्षी, आकाराने साधारण कोंबडीएवढा. पावसाळ्यात नराचे डोके, मान आणि पोट काळे होते आणि मादीला दिसावे म्हणून तो गवतातून उड्या मारतो. गवत कापले की तो निघून जातो. आता तो इतका कमी झाला आहे की कोणी पाहिला म्हटले तर ऐकणारा आधी सांगणाऱ्याकडे बघतो.

जिल्ह्यातल्या पक्ष्यांची यादी ठेवणारे एक निवृत्त प्राध्यापक नगरला राहतात. तिने मधल्या सुटीत त्यांना फोन केला.

"फोटो आहे का?" त्यांनी विचारले.

"आहे, पण ठिपकाच आलाय."

"मग मॅडम, कावळा असेल. नाहीतर भारद्वाज."

"भारद्वाज आमच्या शाळेच्या कुंपणात राहतो, सर. मला ओळखता येतो."

"फोटो मिळाला की पाठवा. मग बघू."

संध्याकाळी तिने हे घरी सांगितले. मी नगरच्या एका दैनिकात एकतीस वर्षे डेस्कवर काम केले. बातमी सांगणाऱ्याला उलटा प्रश्न विचारणे हा त्या कामाचा भाग असतो आणि त्यात कोणाचा अपमान नसतो. मी विचारले, "फोटो आहे का?"

तिने डबा मोरीत ठेवला. "मला कॅमेरा घ्यायचाय," ती म्हणाली. "या रविवारी."

तिला काय हवे होते ते स्पष्ट होते. पक्षी भादव्याच्या अखेरपर्यंत माळावर राहणार होता. तोवर एक फोटो मिळाला तर यादीत नोंद होणार होती, आणि बाईंनी शाळेच्या वाटेवर कावळाच पाहिला असेल, हे बोलणे तिथेच संपणार होते. हातात सहा आठवडे होते.

कॅमेरा निवडण्याचे काम माझ्याकडे कसे आले, याची नोंद नाही. तिने ते दिले नव्हते.

मी कामाच्या पद्धतीप्रमाणे सुरुवात केली. एका कागदावर दोन रकाने आखले. डाव्या रकान्यावर लिहिले डीएसएलआर, उजव्यावर लिहिले सुपरझूम. डीएसएलआरची लेन्स काढून दुसरी लावता येते. सुपरझूमची लेन्स अंगालाच असते, ती निघत नाही, पण एकाच लेन्समध्ये वर्गाचा गटफोटोही निघतो आणि टाकीवरचे कबूतरही जवळ येते. दुकानदार त्याला ब्रिज कॅमेराही म्हणतात. माहिती किमान दोन स्वतंत्र सूत्रांकडून मिळाल्याशिवाय पुढे जायचे नाही, असे मी ठरवले.

पहिले सूत्र म्हणजे भाचा. तो कर्जतला लग्नांचे फोटो काढतो. रविवारी तो घरी आला तेव्हा मी कागद पुढे ठेवला.

"मामा, डीएसएलआर घ्या," तो कागदाकडे न बघता म्हणाला. "दुसरं ते खेळणं हाय."

"पक्षी दोनशे फुटांवर आहे."

"मग मोठी लेन्स घ्यायची."

"केवढी?"

"तुमच्या पक्ष्याला लागती तेवढी लई महाग पडती. आधी बॉडी तर घ्या. लेन्स काय, मागनं येती."

पत्नी चहा घेऊन आली होती. "पक्षी पण मागनं येईल का रे?" तिने विचारले.

"मामी, मी फोटोचं बोलतोय. क्वालिटी. सकाळच्या अंधुक उजेडात ते खेळणं नुसता चिखल दावतं."

मी डाव्या रकान्यात 'कमी उजेडात सरस' असे लिहिले. भाच्याने नुकताच नव्या पद्धतीचा, आरसा नसलेला कॅमेरा घेतला आहे आणि जुना डीएसएलआर विकायला काढला आहे, हे मला दहा दिवसांनी त्याच्या आईकडून, म्हणजे माझ्या बहिणीकडून कळले. सूत्राचा हितसंबंध आधी तपासायचा असतो. तो मी तपासला नव्हता. त्यामुळे भाच्याची माहिती बाद धरून पुन्हा शून्यापासून सुरुवात करावी लागली.

दुसरे सूत्र नगरमधला दुकानदार. त्याने सुपरझूम माझ्या हातात देऊन मला दुकानाच्या दारात उभे केले. "साहेब, समोरच्या इमारतीवरची टाकी दिसते? त्यावर कबूतर आहे. त्याच्या डोळ्यात बघा."

मी बघितले. डोळा दिसला.

"पावसाळी ढगात, सकाळी सात वाजता, एवढाच दिसेल का?"

"साहेब, थोडं ऊन आल्यावर जा ना."

"पक्षी सकाळीच उडतो."

"मग डीएसएलआर घ्या," दुकानदार म्हणाला आणि दुसऱ्या गिऱ्हाईकाकडे वळला.

मी उजव्या रकान्यात 'लांबचे जवळ' लिहिले आणि पुढे कंसात 'उजेड हवा' असे लिहिले. घरी आल्यावर पाहिले तर दोन्ही रकाने सारखे भरले होते. डीएसएलआरला उजेडाची अडचण नव्हती, पण परवडणाऱ्या लेन्समध्ये पक्षी ठिपक्याहून थोडाच मोठा आला असता. सुपरझूममध्ये पक्षी मोठा आला असता, पण कोणता ते ओळखू आले नसते. मी प्राध्यापकांना फोन करून विचारले की नोंदीसाठी कोणता कॅमेरा ग्राह्य धरतात. ते म्हणाले, "फोटो हवा. कॅमेरा मला पाठवायचा नाहीये."

या काळात पत्नी रोज त्याच वाटेने शाळेत जात होती. तणमोर तिला आणखी तीनदा दिसला. घरी आल्यावर ती फक्त तेवढे सांगायची.

"आज दोनदा उडाला."

"परवापर्यंत ठरतंय," मी म्हणायचो.

"अहो, माळाच्या खालच्या अंगाला विळे लागलेत."

"घाईत घेऊन पस्तावण्यापेक्षा..."

"पस्तावायला तरी काहीतरी घ्यावं लागेल ना?"

गवत कापले गेले. पितृपक्षात नवी वस्तू घ्यायची नाही म्हणून पंधरा दिवस विषय आपोआप मागे पडला. नवरात्रात दुकानदाराचाच फोन आला की दसऱ्याची गर्दी व्हायच्या आत या. खंडेनवमीच्या सकाळी आम्ही दोघे गेलो. पत्नीने दोन्ही कॅमेरे हातात घेतले. डीएसएलआर लांब लेन्ससकट गळ्यात घालून ती दुकानात चार पावले चालली आणि तिने तो काढून ठेवला. "हा घालून स्कूटर चालवली तर हँडलवर आपटेल," ती म्हणाली. तिने सुपरझूम घेतला. याला तीन मिनिटे लागली. कागद माझ्या खिशात होता आणि स्कूटर कोणत्याच रकान्यात नव्हती.

खंडेनवमीला घरातल्या हत्यारांची पूजा असते. ज्याच्या त्याच्या धंद्याची वस्तू पाटावर मांडायची, हळदकुंकू वाहायचे, फूल ठेवायचे. आमच्या दैनिकात त्या दिवशी छपाईच्या यंत्रापासून डेस्कवरच्या कीबोर्डपर्यंत सगळ्यांना कुंकू लागायचे. दुसऱ्या दिवशी स्पेस दाबली की बोट लाल व्हायचे. त्याची कोणी तक्रार करत नसे. त्या दुपारी पाटावर विळा, कात्री, स्कूटरची किल्ली आणि मधोमध नवा कॅमेरा होता.

काचेला कुंकू लावायचे नाही, एवढी समज मला होती. म्हणून काचेवर टोपण आहे याची मी खात्री केली आणि कोरड्या कुंकवाची चिमूट लेन्सच्या काठाला लावली, जिथे लेन्सची नळी कॅमेऱ्याच्या अंगात शिरते. मग नैवेद्य झाला. मग मी पत्नीला म्हणालो, "टोपण काढ आणि चालू करून दाखव."

नळी आवाज करत बाहेर आली. बंद केल्यावर आत गेली. कुंकूही तिच्याबरोबर गेले. ते आम्हाला दिसले नाही.

हिवाळाभर कॅमेरा शाळेत चालला. गटफोटो, सव्वीस जानेवारी, स्नेहसंमेलन. फोटो स्वच्छ होते. मे महिन्यात तिने तळ्यावरच्या बगळ्यावर लेन्स पूर्ण ताणली, तेव्हा फोटोच्या मधोमध एक गोल, धुरकट काळा डाग आला. मी काच पुसली. चष्म्याच्या फडक्याने पुन्हा पुसली. डाग राहिला. भाच्याला बोलावले. त्याने कॅमेरा पांढऱ्या भिंतीकडे धरला, लेन्स ताणली, फोटो काढला, मग नळी उजेडात फिरवून बघितली.

"मामा, हे लाल काय हाय?"

"खंडेनवमीचं असेल. पण मी काठाला लावलं होतं."

"काठालाच तर फट असती. आत गेलेल्या कुंकवाची फोटोत काळी सावली पडती." त्याने नळी पुन्हा आतबाहेर केली. मग म्हणाला, "डीएसएलआर असता तर लेन्स काढून फुकून दिलं असतं. ह्याला आता फुकायचं कुठनं?"

"तू गप चहा पी," पत्नी त्याला म्हणाली. माझ्याकडे तिने बघितले नाही.

दुरुस्ती पुण्याला होत होती आणि जवळजवळ सगळी लेन्सच बदलावी लागेल, असे फोनवर सांगण्यात आले. दुरुस्ती करावी की नवा घ्यावा, असा प्रश्न होता. मी कागद घेतला आणि दोन रकाने आखले. हे लिहिताना त्याचे समर्थन करण्याचा हेतू नाही. मृगाचा पाऊस झाला तेव्हा कागदाची एक बाजू भरली होती. आषाढ संपता संपता पत्नी तोच कॅमेरा गळ्यात घालून माळावर जाऊ लागली.

तणमोर आला. गेल्या वर्षीच्याच जागी, माळावरच्या एकुलत्या निंबाच्या उजवीकडे. तिने नऊ सकाळी घालवल्या. डाग मधोमध असल्यामुळे पक्षी कडेला धरायचा, असा तिचा बेत होता. पण उडी दोन सेकंदांची असते आणि ती कुठून निघेल ते पक्षीच ठरवतो. नऊ दिवसांत कामाचा एकच फोटो मिळाला. त्यात पक्षी उडीच्या टोकाला होता, पंख पसरलेले होते, पाय लोंबत होते, आणि डोके व मान नेमकी डागाखाली होती.

तिने फोटो प्राध्यापकांना पाठवला. संध्याकाळी त्यांचा फोन आला.

"मॅडम, मानेपाशी काळं दिसतंय ती मान आहे की डाग?"

"दोन्ही, सर."

"मान काळी असणं ही तर मुख्य खूण. तीच झाकली गेलीय. असा फोटो मला धरता येणार नाही."

तिने "बरं" म्हटले आणि फोन ठेवला. त्या रात्री ती जेवली, भांडी आवरली, दुसऱ्या दिवसाच्या पाठांचे टाचण काढले. तिने काही बोलावे म्हणून मी दोनदा दुरुस्तीचा विषय काढला. तिने रेडिओ लावला.

चुकीची बातमी छापली गेली तर खुलासा द्यावा लागतो. नोकरीत मी असे पुष्कळ खुलासे लिहिले होते, बहुतेक दुसऱ्यांच्या चुकांचे. सकाळी मी एक लिहायला घेतला. 'सोबतच्या छायाचित्रातील डाग हा कॅमेऱ्याच्या लेन्समध्ये गेलेल्या कुंकवाचा असून, ते खंडेनवमीच्या दिवशी निरीक्षकाच्या पतीने लेन्सच्या काठाला लावले होते. निरीक्षकाचा यात दोष नाही. पांढऱ्या भिंतीचा, हाच डाग दाखवणारा फोटो पडताळणीसाठी जोडला आहे. झाल्या प्रकाराबद्दल आम्ही दिलगीर आहोत.'

पत्नीने शाळेला निघताना तो उभ्या उभ्या वाचला.

"दिलगीर आहोत म्हणजे कोण कोण?" तिने विचारले.

मी 'आहोत' खोडून 'आहे' केले, 'आम्ही'चे 'मी' केले, आणि पाठवले.

प्राध्यापकांचा फोन रविवारी आला. तिने स्पीकर सुरू करून फोन ओट्यावर ठेवला, कारण हात पिठाचे होते.

"कुंकू?" ते म्हणाले. थोडे हसलेही. "चाळीस वर्षांत फोटोला बरीच कारणं ऐकली, मॅडम. हे नवीन आहे." मग म्हणाले, "बरं, मला एक सांगा. तो वर उडाला तेव्हा काही ऐकू आलं?"

"हो. बेडकासारखं, टर्र. वर असतानाच."

पलीकडे वहीची पाने उलटल्याचा आवाज आला.

"दर उडीला?"

"दर उडीला. लांबूनही येतं. स्कूटर बंद केली की आधी तेच येतं, मग तो दिसतो. मागच्या वर्षीही तसंच होतं."

"अहो, मग हे मागच्या वर्षी का नाही सांगितलंत? ना कावळा असा ओरडतो, ना भारद्वाज असा उडतो."

"कोणी विचारलं नाही, सर," ती म्हणाली आणि भाकरी थापू लागली.

मी टेबलापाशी बसलो होतो. नव्या बातमीदाराला मी पहिल्या दिवशी एकच गोष्ट सांगत असे. माणसाने काय पाहिले, काय ऐकले, ते आधी त्याच्या तोंडून पूर्ण घे. कागदपत्रे आणि फोटो नंतर. ती रोज संध्याकाळी घरी येत होती, रोज काहीतरी सांगत होती, आणि मी तिला फक्त कॅमेऱ्याबद्दल विचारत होतो.

प्राध्यापकांनी दोन्ही वर्षांच्या नोंदी घेतल्या. यादी आली तेव्हा शेऱ्यात लिहिले होते, 'छायाचित्र सदोष. वर्तन व आवाजावरून ग्राह्य.' तिने ते पान शाळेत नेऊन फळ्याशेजारी लावले.

यंदा खंडेनवमीला पाटावर विळा, कात्री, स्कूटरची किल्ली आणि माझे पेन होते. कॅमेरा कपाटात होता आणि कपाटाला कुलूप होते. पूजा झाल्यावर मी विचारले की आता ही लेन्स पुण्याला पाठवायची का, की नवाच बघायचा.

"कागद कुठंय?" तिने विचारले.

मी खिशातून काढून दिला. तिने त्याची घडी केली, डुगडुगणाऱ्या पाटाच्या पायाखाली सारली, आणि पाट हलत नाही ना ते दाबून बघितले.