मास्तरांचा उजवा पाय

मास्तरांच्या डाव्या पायातली चप्पल वर्षानुवर्षं टिकते आणि उजवीच्या तळाला मात्र बघता बघता भोक पडतं. चपला शिवणारा दरवेळी विचारतो, "मास्तर, एकाच पायानं चालता की काय?" मास्तर म्हणजे गाडी शिकवणारे मास्तर. शिकाऊ माणूस घाम पुसत स्टिअरिंगला लोंबकळतो आणि हे शेजारच्या सीटवर बसून पायाखालचा जादा ब्रेक सांभाळतात. अर्ध्या गावाला यांनी गाडी शिकवली आणि उरलेल्या अर्ध्या गावाचा जीव वाचवला, असं त्यांची बायको म्हणते. तो उजवा पाय इतका सरावला आहे की घरी टीव्हीवर एखादी गाडी जोरात वळली तरी तो फरशीवर आपटतो. सिनेमातल्या किती नायकांना त्यांनी असं वाचवलंय, याची गणतीच नाही.

असा हा बसून बसून पोट सुटलेला माणूस पन्नाशी ओलांडल्यावर मैदानावर पळायला कसा लागला, ते ऐकण्यासारखं आहे.

त्यांच्याकडे एक बाई गाडी शिकायला यायची. सोबतीला मागच्या सीटवर तिची नणंद बसायची. नणंदेला जन्मापासून दिसत नाही. ती हॉस्पिटलात टेलिफोन ऑपरेटर आहे. वहिनीनं गिअरशी झटापट सुरू केली की मागून शांतपणे आवाज यायचा, "वहिनी, अजून पहिल्यातच आहेस. इंजिन ओरडतंय बघ." वहिनी लालबुंद व्हायची आणि मास्तर खिडकीबाहेर तोंड करून हसायचे. शिकवणी संपली त्या दिवशी ऑपरेटर म्हणाली, "मास्तर, शेजारी बसून तुम्ही वहिनीला सांगता, तसं शेजारी पळून मला सांगाल का? मला जोरात पळायचंय. घरात चार पावलांवर भिंत येते हो."

मास्तरांनी लगेच होकार दिला नाही. ते घरी गेले, डोळ्यांना फडकं बांधलं आणि बायकोला म्हणाले, "मला जरा अंगणातून फिरव." बायकोनं फिरवलं. एकदा "जपून!" म्हणून ओरडली आणि दुसऱ्याच क्षणी मास्तरांनी बादलीला लाथ मारून स्वतःचा अंगठा सुजवून घेतला. फडकं सोडून ते तिथेच पाण्यात बसले. "जपून म्हणजे काय गं? खड्डा, दगड, की कुत्रं? काही कळलंच नाही." त्या दिवसापासून 'जपून' हा शब्द त्यांनी आपल्या तोंडातून हद्दपार केला. पुढे जे असेल ते आणि तेवढंच सांगायचं, हा नियम त्या सुजलेल्या अंगठ्यानं घालून दिला.

मास्तर तयार झाले, मैदानाच्या समितीचे अध्यक्ष मात्र काही केल्या ऐकेनात. "पडली, हात मोडून घेतला, तर जबाबदारी कोणाची?"

"साहेब, माझ्याकडे रोज दोन्ही डोळे शाबूत असलेली माणसं येतात आणि भिंतीवर गाडी घालतात," मास्तर म्हणाले. "त्यांना कोणी रस्त्यावर यायला बंदी केली का? तिला पळू द्या. खड्डे मी बुजवतो."

आणि खरंच बुजवले. ऑपरेटर यायच्या आधी मास्तर फावडं घेऊन मैदानाला एक फेरी मारायचे. बाटल्या उचलायच्या, आडव्या लावलेल्या सायकली हलवायच्या, पळायच्या पट्टीवर दप्तर टाकणाऱ्या पोरांची कानउघाडणी करायची. मग ती यायची, हातभर लांबीच्या दोरीचं एक टोक ती धरायची, दुसरं मास्तर. "सपाट... सपाट... आता डावं वळण... संपलं वळण. पुढे मोकळं आहे ऑपरेटर, सोड पाय!" सुरुवातीला मास्तरांना एवढी धाप लागायची की अर्धं वळण सांगायचं राहून जायचं. मग हळूहळू पोट गेलं, दम वाढला. मला विचाराल तर या माणसाचं खरं कौतुक इथेच आहे. एखाद्याला मदत करतोय असा आव त्यांनी एकदाही आणला नाही. उलट ती मागे पडली की दोरी हलवून म्हणायचे, "काय गं, हॉस्पिटलातला लँडलाइन आहेस की काय? चल लवकर!" आज त्या मैदानावर चार-पाच जोड्या दोरी धरून पळतात, त्याची सुरुवात ही.

मग आली वार्षिक शर्यत. डोळस बायकांच्याच शर्यतीत ऑपरेटरला घ्यायला अध्यक्ष कसेबसे तयार झाले. पहिल्या तिघी मोठ्या स्पर्धेला जाणार होत्या. नियम पंचांनी दोघांना नीट समजावून सांगितला. जोडीदारानं ओढायचं नाही, आणि शेवटची रेषा धावणारीनं आधी ओलांडायची, जोडीदारानं तिच्या मागून. जोडीदार पुढे गेला तर धावणारी बाद.

ती अशी पळाली की मास्तरांनाच तिच्याबरोबर राहताना नाकी नऊ आले. शेवटच्या वळणावर ती चौथी होती. "मोकळं आहे, सोड पाय!" मास्तर ओरडले आणि तिनं पुढच्या मुलीला मागे टाकलं. रेषा दोन ढांगांवर असताना मोबाइलवर चित्रण करणारा कोणाचा तरी बाप मागे मागे सरकत पट्टीच्या कडेला आला. आता हा आत येणार, असं मास्तरांना वाटलं. आणि डोक्यात काही यायच्या आत उजव्या पायानं ब्रेक दाबला.

पण मैदानाला ब्रेक कुठला? पाय पुढे पडला, त्याच्यामागे सगळं अंग भेलकांडलं आणि मास्तर रेषेपलीकडे गेले. त्यांच्या पाठोपाठ ती. तो माणूस तर आत आलाच नाही. पंचांच्या आणि रेषेच्या मधे मात्र त्याची रुंद पाठ बरोबर आली होती.

टाळ्या पडल्या. भोंग्यावरून तिसऱ्या नंबरला ऑपरेटरचं नाव पुकारलं. वहिनी रडत रडत मिठ्या मारत होती, अध्यक्षसुद्धा हात मिळवून गेले. मास्तर बाकावर बसले. कोणी पाहिलं नव्हतं, आणि जिच्या बाजूला हे घडलं तिला तर दिसतच नव्हतं. आपण गप्प बसलो की झालं, हा विचार त्यांच्या मनात आला, आणि तो आला म्हणून त्यांना स्वतःचीच शिसारी आली. समोर चौथी आलेली मुलगी गवतावर बसून मुकाट्यानं बुटाच्या नाड्या सोडत होती.

त्यांनी वहिनीला पाणी आणायला पाठवलं आणि ऑपरेटरच्या शेजारी जाऊन सांगून टाकलं. "रेषा मी आधी ओलांडली. पाय गेला. काही कारण नव्हतं, ब्रेक दाबायला माझाच पाय गेला."

ती कडाडली. "वर्षभर पहाटे उठले मी! वर्षभर! आणि तुम्हाला ब्रेक दाबायला आजचाच दिवस मिळाला?" तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. मास्तरांनी मान खाली घातली.

"पंचांना सांगितलंत?"

"नाही. शर्यत तुझी आहे. तुला न विचारता तुझं नाव खोडायला गेलो असतो, तर तीही तुझ्याशी बेईमानीच झाली असती."

तिनं ओढणीनं नाक पुसलं आणि उठली. "चला मग. मला टेबलाशी न्या."

पंच ऐकून कावरेबावरे झाले. "मी तर काही पाहिलं नाही. मास्तर, पोरीचं नाव लागलंय, लागू द्या ना. तिच्यामुळे अजून चार जण मैदानावर येतील." मग ते तिच्याकडे वळले. "आणि तुला तरी काय माहीत, हे पुढे होते की मागे? तू थोडंच पाहिलंयस?"

"मी काहीच पाहिलेलं नाही," ऑपरेटर म्हणाली. "वळण आलं हे यांनी सांगितलं. पुढे मोकळं आहे हेही यांनीच सांगितलं. त्या शब्दावर मी जीव तोडून पळाले. तेवढं सगळं खरं धरलं, मग आत्ता सांगितलेलं खोटं कसं धरू?"

पंचांनी खाली मान घालून नाव खोडलं. थोड्या वेळानं भोंग्यावरून तिसरं नाव बदलून सांगितलं गेलं. गवतावरची मुलगी एका पायात बूट, एक पाय अनवाणी, अशीच उभी राहिली.

"ती कुठे आहे?" ऑपरेटरनं विचारलं.

"समोर, थोडी उजवीकडे," मास्तर म्हणाले. "सपाट आहे. मधे कोणी नाही."

ऑपरेटरनं दोरी त्यांच्या हातात दिली आणि ती एकटीच निघाली, हात पुढे न करता, भराभरा चालत, त्या मुलीचं अभिनंदन करायला.