मुद्दाम पोचा पाडलेली सायकल

ये गं बाई, अशी जवळ सरक. माझं लिहिणं म्हणजे बोलणंच, तेव्हा लांबून वाचल्यासारखं वाचू नकोस. आणि खरं सांगू का, रागच आलाय मला तुझा. परवा फोनवर सगळ्यांसमोर हसलीस. म्हणे, "आजी सायकल चालवायची? काहीतरीच!" तुझ्या आईनं तुला एवढं शिकवलं, पण म्हातारीचं बोलणं पुरतं ऐकून घ्यायचं तेवढं राहिलं. म्हणून आता लिहूनच काढते.

दुष्काळाच्या आदलं वर्ष असेल. विहिरींना पाणी होतं, मळ्यामळ्यांत डिझेलची इंजिनं धडधडत होती. एखादं बंद पडलं की बोलावणं यायचं तुझ्या आजोबांना. शिंगणापुरात सगळे त्यांना मिस्त्रीच म्हणायचे, मीही मनात तेच म्हणायची. मिस्त्रींचा एक नेम होता. प्रत्येक वस्तूला स्पेअर पाहिजे. वायसरला स्पेअर, चपलेला स्पेअर, छत्री पण दोन. "ऐन टायमाला काय मोडंल, सांगता येत न्हाई," असं म्हणायचे.

आणि त्यांची सायकल! काळी, बावीस इंची, सीटला लाल गोंडे. तिच्यावर त्यांचा एवढा जीव की तिला कधी काही झालं तर, या काळजीनं ते नगरला गेले आणि अगदी तशीच दुसरी घेऊन आले. तिला तसेच गोंडे लावले, तशीच घंटी बसवली. पहिलीच्या मागच्या मडगार्डला बैलानं लाथ मारून पाडलेला एक पोचा होता. तर या बाबानं हातोडी घेतली आणि नव्या मडगार्डवर त्याच जागी तसाच पोचा पाडला. मी बघतच राहिले.

माझ्या सासूबाई, आत्या म्हणायचो आम्ही त्यांना, मिश्री लावता लावता म्हणाल्या, "आरं, सायकली दोन केल्यास, आता बायकूलाबी स्पेअर आन."

मी म्हटलं, "आना की. तिला बी एक पोचा पाडा, म्हंजी वळखू येनार न्हाई."

मिस्त्री हसले, पण नवी सायकल मात्र ओसरीच्या भिंतीला उभी राहिली ती राहिलीच. रोज फडक्यानं पुसायचे, आठवड्याला तेल घालायचे, आणि तिच्यावर कोणी बसायचं नाही. स्वतःही नाही. स्पेअर ती स्पेअर.

त्याच वर्षी गावात बालवाडी निघणार असं ठरलं. तिथं बाई म्हणून सातवी पास झालेली बाई हवी होती. मी पाचवीतून उठवलेली, पण पुड्याच्या कागदापासून पंचांगापर्यंत हाताला लागेल ते वाचायची. आमच्या शाळेतले गुरुजी म्हणाले, परीक्षेला बाहेरून बसता येतं, केंद्र सोनईला, दोन दिवसांचे पेपर. माझा जीव त्यात अडकला. मिस्त्रींना विचारलं.

"बस की," ते म्हणाले, "पन सोनईला जाशील कशी? दोन कोस चालत जाऊन, घामाघूम होऊन पेपर लिव्हनार? मला तर येळ न्हाई. फुडच्या वर्षी बघू."

"ती उभी हाय की," मी भिंतीकडं बोट केलं.

"ती स्पेअर हाय!" असं म्हणाले, जसं काही मी देवघरातला देव खेळायला मागितला.

पुढच्या वर्षी बालवाडीला दुसरी बाई मिळाली असती. आत्यांनी ऐकलं होतं सगळं. दुसऱ्या दिवशी मिस्त्री कामाला गेले तशा म्हणाल्या, "ऊठ. काढ ती. मी मागनं धरते. त्याला कायबी सांगनार न्हाई, वचन देते."

दुपारी सारं गाव आडवं झालं की आम्ही सासू-सुना मळ्याकडच्या पडीक रानात. नऊवारीचा काष्टा घट्ट मारलेला, मधल्या दांड्याखालून पाय घातलेला, आणि मागं आत्या कॅरिअर धरून पळतायत, "फुडं बघ, फुडं बघ, खाली काय बघतीस, खाली काय पैसं पडल्यात व्हय!" गुडघे फुटले, कोपर सोलवटलं. मिस्त्रींनी विचारलं तर आत्या म्हणायच्या, "शेळीनं पाडली." त्या शेळीची लई बदनामी झाली. दोन महिन्यांत मी दांड्यावरून टांग टाकायला शिकले. संध्याकाळच्या आत सायकल पुसून भिंतीला.

पहिल्या पेपरच्या दिवशी मिस्त्री सकाळीच घोडेगावच्या अंगाला गेले. मी शेताच्या वाटेनं सोनई गाठली. शाळेबाहेर लिंबाखाली सायकल लावली आणि सरळ आत गेले. आता तू विचारशील, कुलूप? अगं, आमच्या गावात घराला दार नाही, पेटीला कडी नाही. शनिदेवाच्या गावात चोरी होत नाही हे आम्ही आईच्या दुधाबरोबर पितो. कुलूप लावायचं असतं हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

मराठीचा पेपर झकास गेला. हसत बाहेर आले, तर लिंबाखाली नुसती सावली.

शाळेच्या शिपायाला विचारलं. तो म्हणाला, "एक तेलकट कापडातला मानूस आला, सोताशीच कायतरी पुटपुटत बसला आन् गेला. मी म्हटलं त्याचीच असंल. असा बसला जनू घरच्या बाजेवर."

तेलकट कपडे, पुटपुटणं. कामाच्या नादात असं पुटपुटणारे एकच, आमचे मिस्त्री. दोन गल्ल्या पलीकडं इंजिनच्या सामानाचं दुकान होतं, तिकडं धावले. दुकानासमोर मिस्त्रींची पहिली सायकल उभी, हँडलला त्यांची पान्यांची पिशवी. दुकानदार म्हणाला, "मिस्त्री पॅकिंग न्यायला आल्ते. मग च्या प्यायला म्हनून शाळंच्या गल्लीत गेले, ते तिकडनंच पसार झाले वाटतं. पिशवी सुदिक इसरले."

म्हणजे मिस्त्री डोक्यात इंजिन घेऊन चहा पिऊन शाळेवरून परतले, लिंबाखाली सायकल दिसली, आणि आपलीच समजून निघून गेले! सायकल हुबेहूब करायला गेले होते ना? घ्या.

आता मी काय करायचं? ती सायकल तिथंच सोडून पायी घरी गेले असते तर मला गप्प राहता आलं असतं. पण घरी त्यांना भिंत रिकामी दिसणार. माणसाची वस्तू गेली आणि आमच्या गावात तो "चोरी झाली" असं म्हणूसुद्धा शकत नाही, म्हटलं तर देवाचा शब्द खोटा. बिचारा आतल्या आत कुढत बसेल. आणि खरं सांगितलं तर उद्याचा गणिताचा पेपर गेला, बालवाडी गेली. दुकानाच्या पायरीवर मी दोन मिनिटं बसले. मग पिशवी नीट अडकवली, काष्टा खोचला आणि टांग मारली. शेताच्या वाटेनं नाही, मोठ्या रस्त्यानं. देवाच्या चौथऱ्यासमोरून, सगळ्या गावादेखत.

घरी मिस्त्री ओसरीवर डोक्याला हात लावून बसलेले. समोर एक सायकल, भिंत रिकामी. आत्या शेजारी तोंड मिटून, वचनाला जागून. मी घंटी वाजवत अंगणात उतरले.

मिस्त्रींनी आधी माझ्याकडं नाही, सायकलीकडं पाहिलं. पोचा पाहिला. मग समोरच्या सायकलीचा पोचा पाहिला.

"ही कुठली?"

"ही तुमची. तुमी आनली ती माझी."

"तुझी?"

"म्हंजी... स्पेअर."

"तुला चालवता येती?"

"दोन महिनं झालं," आत्या एकदम बोलल्या. "मी धरलीया मागनं. आन् शेळीनं काय पाडलं न्हाई तिला, उगं शेळीला शिव्या घालू नगंस."

मिस्त्रींचा चेहरा लाल. मला वाटलं, झालं. मग ते हळूच म्हणाले, "तासभर झाला, मी इथं बसून इचार करतोय, कुनाला सांगू. देवाची शप्पथ, मला वाटलं माझंच कायतरी पाप झालं."

"म्हनून तर सांगायला आले," मी म्हटलं. "मला गप बसता आलं असतं."

ते उठले. समोरच्या सायकलीचं मागचं चाक दाबून पाहिलं. "उद्या कसला पेपर?"

"गनित."

"एवढ्या हवंवर गनिताला जानार व्हय?" असं म्हणाले आणि पंप आणायला आत गेले. आत्यांनी पदर तोंडाला लावला, हसू लपवायला.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी कामाला सुट्टी दिली. ते पुढं आणि मी मागं, सोनईपर्यंत. पेपर होईस्तोवर लिंबाखाली दोन्ही सायकली धरून उभे होते. शिपाई म्हणाला म्हणे, "आता ह्यातली तुमची कंची?" तर म्हणाले, "मलाबी ठावं न्हाई."

पास झाले. बालवाडीत पुढं किती पोरं माझ्या हाताखालून गेली, मोजदाद नाही. फक्त मिस्त्री दोन-तीन वर्षं मधूनच उसासा टाकायचे, "माझ्या सायकलीला आता स्पेअर ऱ्हायली न्हाई." नगरला गेले की सायकलींच्या दुकानांसमोर रेंगाळायचे. मी दंडाला धरून पुढं न्यायची.

तर अशी ही गोष्ट, थाप नाही. गावात अजून चार म्हाताऱ्या आहेत, त्यांनी मला त्या दिवशी मोठ्या रस्त्यानं येताना पाहिलंय. त्यांना विचार. पण फोनवर नको, त्यांना ऐकू येत नाही. दिवाळीची वाट बघू नकोस, या महिन्यातच ये. चार दिवस काढून ये. गरम भाकरी करते, तू नुसती येऊन बस.