ओटीपीवाले अण्णा

अण्णा माझ्या डोक्यात जायचा. बुवापाड्यातल्या प्रत्येक पोरीच्या स्कॉलरशिपचा ओटीपी त्याच्याच मोबाइलवर यायचा. फॉर्म भरायचं दुकान त्याचं, पण म्हणून नंबरही त्याचाच?

माझ्या नातीला, सोनलला, नर्सिंगला घातलं तेव्हा मी विचारलं, "अण्णा, नंबर तुझा का टाकलास?"

"आजी, पोरीचा नंबर असा सगळीकडे जाऊ द्यायचा का? मी आहे ना!"

आयांना, बापांना हे पटायचं. माझा मुलगाही मान हलवून मोकळा.

"आणि तू नसलास तर?"

"मी कुठे जातोय?" असं म्हणून हसायचा.

एकदा गेला की. मेव्हण्यांबरोबर बारवी धरणावर पार्टीला. तिथे रेंज नाही. दुकानासमोर पोरी दिवसभर उन्हात. संध्याकाळी हा तोंड पुसत आला, "अरे, एवढ्या घाबरलात काय?" पैसे कोणाकडून जास्त घेतले नाहीत, हे खरं. पण पोरी आपल्यासाठी खोळंबलेल्या त्याला आवडायच्या, हेही खरं.

स्कॉलरशिप एकदा मिळाली म्हणून संपत नाही, दरवर्षी नवा अर्ज लागतो. यंदा ती तारीख जवळ आली आणि अण्णा दुकानातच छातीत कळ येऊन गेला. अर्ज राहिला तर कॉलेज पूर्ण फी मागणार. मुलगा उल्हासनगरला फर्निचरच्या कारखान्यात पॉलिश मारतो. तो कुठून भरणार? पोर घरी बसली असती, आणि स्थळं आणणारे टपलेलेच होते.

पाचव्या दिवशी मी सोनलला आणि मुलाला घेऊन त्याच्या घरी गेले. फोटोपुढे दिवा, शेजारी बंद मोबाइल.

"फोन चालू करा," मी म्हटलं.

त्याची बहीण अंगावर आली. "आजी, लाज आहे का? सुतक चालू आहे!"

"सुतक तुम्हाला. शेवटच्या तारखेला नाही."

त्याची बायको उठली. फोन चार्जिंगला लावला. बातमी पसरली, जिन्यावर पोरी जमल्या. एकेकीचा आकडा ती वाचून दाखवत होती. सोनलने आधी नंबर बदलायला घेतला. मुलगा म्हणाला, "माझा टाक."

"तिचाच टाक," मी म्हटलं. "शिकणार ती आहे."

शेवटची पोर गेली. बायको फोन हातात धरून जिन्याकडे बघत होती. "अजून कोणी आहे?" तिने विचारलं.

कोणी नव्हतं. तेव्हा ती रडली.

लोक म्हणतात, देवमाणूस होता. मी तिच्याजवळ बसले, पाणी दिलं. अण्णावरचा राग मात्र तसाच आहे.