पत्रकातले माझे वाक्य

छापखान्याच्या ताज्या शाईचा वास आला की परतूरचे बसस्थानक आठवते. निवृत्तीनंतर मी एका माजी विद्यार्थ्यासोबत ज्येष्ठांच्या सहलींचा व्यवसाय उभारत होतो. प्रत्येक मार्ग स्वतः फिरून, पायऱ्या मोजून, सावलीच्या जागा पाहून मी वहीत टिपणे केली होती. त्या दिवशी स्थानकावर दुसऱ्याच सहल कंपनीचे पत्रक हाती आले आणि त्यात माझे वाक्य दिसले: ‘गुडघे दुखणाऱ्यांनी खालच्या पारावर बसावे; तिथूनही शिखर दिसते.’ वही त्या विद्यार्थ्याकडेच होती. जाब विचारला, तर तो हसून म्हणाला, “सर, मी तिथं नोकरीला लागलो न्हाई का! अन् वहीवर तुमचं नाव कुठं व्हतं?” पहिल्या पानावर नाव घालायला त्याला मीच शिकवले होते. ते पत्रक मी अजून जपले आहे. त्याने वाक्य बिनचूक उतरवले आहे.