कागदाच्या लगद्याची टोपली

तिचं नाव मी विचारलं नाही. म्हसावदला आमच्या ओट्यावर ती दोनच दिवस बसली होती. जुने कागद मेथ्यांबरोबर भिजवून, कुटून ती त्या लगद्याच्या टोपल्या करायची आणि वर गेरूने वेलबुट्टी काढायची.

मी दिलेल्या रद्दीत वडिलांनी बोरूने मोडीत लिहिलेली एक चिठ्ठी होती. ओढ्याकाठचा मळा बहिणीला द्यावा, असं त्यांनी मरणाआधी लिहिलं होतं. हे फक्त मलाच ठाऊक होतं.

बाईला वाचता येत नव्हतं, तरी ती प्रत्येक कागद उजेडाला धरून उलटसुलट बघायची. चिठ्ठीपाशी ती थांबली.

"भाऊ, हाऊ कामना कागद नही ना?"

"नही," कामाचा नाही असं सांगून मी उगाच अंगणात येरझाऱ्या घालू लागलो.

दुसऱ्या दिवशी त्याच कागदांचा लगदा पालथ्या हंडीवर थापताना ती म्हणाली, "लिखेल कागद लवकर गळत नही, भाऊ. हातखाल चुरना पडस." मूल थोपटावं तसा तिचा ओला तळवा हळू पडत होता. मला मात्र एका जागी बसवेना.

ती टोपली आमच्याच घरी राहिली. पुढे पंधरा वर्षं बहीण माहेरी आली की त्याच टोपलीतली भाकर खायची. परवा म्हणाली, "भाऊ, हाई टोपली मले दे ना."

तेव्हा मी सगळं सांगितलं. मळा तुझा आहे, हेही सांगितलं.

बराच वेळ ती टोपलीवरून बोटं फिरवत राहिली. मग म्हणाली, "बाबानं अक्षर कोठे शे, दखाड."

ते दाखवायला मी टोपली उजेडाला धरली आणि उलटसुलट बघत राहिलो.