धूमगडाचा पाचवा खंड आणि आमचे साडूभाऊ

आमच्या साडूभाऊंनी आजवर निर्धास्त विश्वास टाकला असेल तर तो एकट्या तापी नदीवर, आणि तोही ती बोलत नाही म्हणून. बोलणाऱ्या प्रत्येक प्राण्यावर त्यांचा संशय आहे. डॉक्टरने रक्तदाब सांगितला की ते दुसऱ्या डॉक्टरकडे जातात, आणि दुसऱ्यानेही तोच आकडा सांगितला की म्हणतात, "यास्नी एकमेकले फोन कया." केळीचा ट्रक वजनकाट्यावर चढण्याआधी ते मला काट्यावर चढवतात, कारण त्यांच्या मते माझ्या वजनात बदल होतो तो फक्त वाढीचा आणि त्यांना तो पाठ आहे. एकदा काट्याने मला दोन किलो जास्त दाखवलं. साडूभाऊंनी काटेवाल्याची गचांडी धरली. मला तेव्हा, पाच-पंचवीस हमालांच्या देखत, सांगावं लागलं की काटा बरोबर आहे, आमच्याकडे नंदुरबारला नुकतंच लग्नकार्य झालं. सारंगखेड्याच्या घोड्यांच्या यात्रेला ते दर वर्षी जातात, घोड्याचे दात बघतात, कपाळावरचा भोवरा बघतात, मग घोडेवाल्याचं कपाळ बघतात आणि घोडा न घेता परत येतात. मात्र सौदा करायची त्यांना भारी हौस. तिथे भाव तोंडाने बोलत नाहीत. हातावर गमछा टाकायचा आणि आतल्या आत एकमेकांची बोटं दाबून देणं-घेणं ठरवायचं, बाहेरच्याला पत्ता लागत नाही. साडूभाऊंच्या मते माणसांनी एकमेकांशी बोलण्याची ही एकमेव इमानदार पद्धत आहे.

असा माणूस अद्भुत कादंबऱ्या कशाला वाचेल, असं कुणालाही वाटेल. पण त्यांची मुलगी पल्लवी कॉलेजात असताना सुट्टीत 'धूमगडाची गाथा' नावाच्या कादंबरीमालेचा पहिला खंड घरी विसरून गेली, आणि साडूभाऊ तो 'पोर काय वाचस ते दखू' म्हणून तपासायला बसले. तपास चार खंड चालला. राख ओकणारे डोंगर, बोलणारे गरुड, सात कुळांचं वैर हे सगळं त्यांनी बिनतक्रार मान्य केलं. संशय घेतला तो माणसांवर. दुसऱ्या खंडात राजाच्या आचाऱ्यावर त्यांनी पहिल्याच पानापासून डोळा ठेवला होता आणि शेवटी तोच फितूर निघाला. झालं, पंचक्रोशीत त्यांचं नाव झालं! त्यांनी राणी, पुरोहित, गरुड आणि राजाचा घोडा यांच्यावरही तितकाच संशय घेतला होता, हे कुणाच्या लक्षात राहिलं नाही. दर रविवारी त्यांच्या खळ्यावर आमची बैठक भरू लागली: निवृत्त झालेले एक मास्तर, शहाद्याचे एक मेडिकलवाले आणि मी. मी वाचायचो कमी आणि ताईंच्या, म्हणजे माझ्या मोठ्या मेहुणीच्या, हातचं भरीत खायचो जास्त. पण मान डोलवण्यात मी कुणाला हार गेलो नाही.

मग पाचवा खंड आला आणि खळ्यावर उभी फूट पडली.

भानगड अशी की चार खंड धूमगडाच्या म्हाताऱ्या गडकऱ्याने गडाचा दरवाजा कुणालाही उघडलेला नाही. सख्खा भाऊ खाली थंडीत मेला, तरी नाही. पाचव्या खंडात त्याची मुलगी म्हणते, मला डोंगरापलीकडे जायचंय, तिथलं औषधी बी आणल्याशिवाय आपली करपलेली शेतं वाचायची नाहीत. आणि हा बुवा अडसर स्वतःच्या हाताने काढून दरवाजा सताड उघडतो. मुलगी जाते. पुढची तीनशे पानं ती परत येत नाही. मास्तर म्हणाले, गाथेतलं हे सर्वांत थोर प्रकरण. मेडिकलवाल्यांनी खंड केळीच्या पानात गुंडाळून मास्तरांना परत केला आणि म्हणाले, "औषधाची तारीख उलटली की ते फेकतात, मास्तर. लेखकाचीही उलटते." मोबाइलवरच्या गाथावाचकांच्या गटात तर महाराष्ट्रभर हीच मारामारी चालली होती. दरवाजा उघडला ते बरं म्हणणारे 'उघडे' आणि बंदच हवा होता म्हणणारे 'बंद' असे दोन पंथ झाले, आणि मास्तर बिचारे या वयात स्वतःला उघडे म्हणवून घेऊ लागले.

साडूभाऊ दोन्हींच्या पलीकडे गेले. त्यांनी मला केळीच्या बागेत खोल आत नेलं, मागे-पुढे पाहिलं आणि म्हणाले, "साडू, हाऊ खंड त्या लेखकनी लिखेल नही शे."

"मग कोणी?"

"ते तपासनं पडी. चार खंड ज्यानी भाऊले दरवाजा उघाडा नही, तो पोरले उघाडस? बाप शे तो, चौकीदार नही." मग आवाज आणखी खाली. "नि दुसरी गोष्ट. हाऊ खंड पल्लवीनी मुद्दाम धाडा. कुरिअरथीन धाडा. पह्यले कधी धाडा व्हता का? मन्ही पोर नि तो लेखक मिळेल शेतस."

मी हसलो. फार मोठ्याने हसलो, कारण मला घाम फुटला होता. या माणसाने जन्मभर हजार संशय घेतले असतील, त्यातला नेमका हाच, पोरीने खंड मुद्दाम धाडल्याचा, खरा होता. पल्लवीला केळीच्या रोगांवर संशोधन करायला नेदरलँड्समध्ये चार वर्षांची जागा मिळाली होती. तिने ते आपल्या मावशीला आणि मला सांगितलं होतं, बापाला नाही. "काका, आप्पा आधी पाचवा खंड वाचू देत, मग मी बोलते," म्हणाली होती. आणि मी? मी पल्लवीला फोनवर सांगत होतो की मी कट्टर उघडा आहे, आणि साडूभाऊंसमोर भरीत खाताना म्हणत होतो की असा दरवाजा उघडणाऱ्या बापाला गडावरूनच लोटलं पाहिजे. दोन्ही वेळा मनापासून म्हणत होतो, हीच खरी पंचाईत.

पल्लवी सुट्टीला आली त्या रविवारी साडूभाऊंनी जाहीर केलं की आता निकाल लावायचा. तोंडाने बोललेलं मत त्यांना चालणार नव्हतं. "मास्तर उघडा म्हनस, कारन मेडिकलवाला बंद म्हनस. हाई मत नही, खुन्नस शे." म्हणून प्रत्येकाने गमछ्याखाली मत द्यायचं. एक बोट दाबलं तर बंद, पाचही दाबली तर उघडा. कोणी काय दिलं ते फक्त त्यांना कळणार. ताई ओसरीवरून म्हणाल्या, "आते पुस्तकनाबी सौदा व्हई का?" पण साडूभाऊंनी गमछा झटकला होता.

मास्तरांनी हात घातला, काढला. मेडिकलवाल्यांनी घातला, काढला. साडूभाऊंचा चेहरा दगडाचा. मग माझी पाळी. समोर पल्लवी बघत होती, म्हणून मी पाचही बोटं दाबली. वर पाहिलं तर साडूभाऊ बघत होते, म्हणून चार सोडून एकच ठेवलं. मग पल्लवीची आठवण होऊन पुन्हा पाच. साडूभाऊंच्या कपाळावर आठी चढली. "हाऊ काय भाव शे? एक का पाच?"

त्या क्षणी माझ्या तोंडून जे निघालं, ते का निघालं हे मला अजून उमगलेलं नाही. मी म्हणालो, "साडूभाऊ, तिने तिकीट अजून काढलेलं नाही!"

ताईंच्या हातातलं सूप हलायचं थांबलं. मास्तर आणि मेडिकलवाले कधी नव्हे ते एकमेकांकडे प्रेमाने पाहू लागले. "कोठलं तिकीट?" साडूभाऊ मला नाही, पल्लवीला विचारत होते.

पल्लवीने मग सगळं सांगितलं. देश, काम, चार वर्षं. रडली नाही, आर्जव केलं नाही. सांगून झाल्यावर ती मला बाजूला सारून माझ्या जागी बसली आणि तिने गमछ्याखाली हात घातला.

त्यानंतरचा सौदा आम्ही बाहेरून पाहिला. गमछा हलायचा, थांबायचा, पुन्हा हलायचा. साडूभाऊ यात्रेतल्यासारखे नाकाने जोरात श्वास सोडत होते. आत काय चाललं होतं ते पल्लवीने मला नंतर सांगितलं. तिने चार बोटं दाबली होती, चार वर्षं. आप्पांनी दोन दाबली. तिने पुन्हा चार. त्यांनी तीन, आणि तिसरं बोट बराच वेळ धरून ठेवलं. तिने चारच. मग त्यांनी बोटं सोडली, तिची सगळी मूठ आपल्या मुठीत घेतली आणि नुसते बसून राहिले. आम्हाला दिसलं ते एवढंच, की गमछा खूप वेळ हलला नाही आणि मग साडूभाऊ म्हणाले, "सौदा व्हयना." म्हणजे झाला. उठता उठता मास्तरांना मात्र त्यांनी बजावलं, "पाचवा खंड खोटाच शे. ते वायलं, हाई वायलं."

पल्लवी जाऊन आता काही महिने झाले. परवा संध्याकाळी मी खळ्यावर गेलो तेव्हा तिचा व्हिडिओ कॉल चालू होता. साडूभाऊंची उलटतपासणी रंगली होती. जेवली का, मग ताट दखाड. थंडी शे का, मग सोटर दखाड. पोरीने सगळं दाखवलं. शेवटी ते म्हणाले, "तुन्ही खोलीना दरवाजा दखाड. मधली बाजूथीन." तिने फोन दाराकडे नेला. "कडी लाव." तिने लावली. "हालाडी दखाड." तिने हलवून दाखवली. साडूभाऊ तो पडदा नाकाशी धरून कितीतरी वेळ बघत राहिले. फोन बंद झाला तरी त्यांनी तो खाली ठेवला नाही.

काहीतरी बोलायचं म्हणून मी बोललो, "तिकडच्या कड्या मजबूत असतात, साडूभाऊ."

"तू दखाले गयथा का?" ते खेकसले.

बागेत पाणी सोडलेलं होतं, त्याचा आवाज येत होता. थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता, त्यांनी हळूच विचारलं, "पन ऱ्हातस ना मजबूत?"

"राहतात," मी म्हणालो.

त्यांनी मान डोलावली आणि पुरावा मागितला नाही.